चकलीचा भाव बदलायला सांगितला, तर अख्खं पान नवं लिहून ठेवलं

रामबागवाला, इंदूर

राम राम मंडळी. आमच्या वहिनी रामबागेत घरून दिवाळीचा फराळ विकतात. गेल्या वर्षीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भावाचा कागद फिरायचा. यंदा मी एक साधं वेबपान करून दिलं आणि ते सांभाळायला पायथनमध्ये छोटा एजंट, म्हणजे एआय मॉडेलवर चालणारा मदतनीस, बांधला. वहिनींनी मराठीत सांगायचं, त्याने पान बदलायचं, असा बेत. पाच पदार्थ, ऑर्डरचा फॉर्म, खाली फोन नंबर, बस.

त्याला काम करायला दिलेली टूल, म्हणजे तो स्वतः चालवू शकतो अशी छोटी फंक्शनं, चार: पान_वाचा, पान_लिहा, मजकूर_बदला, फोटो_लावा. कोडमध्ये नावं रोमनच आहेत, इथे वाचायला बरं म्हणून अशी लिहितोय. वर्णनं म्हणजे 'पान लिहिते', 'मजकूर बदलते'. मला वाटलं, नावातच सगळं आलं.

परवा वहिनींनी लिहिलं, "चकली ४८० ची ५२० कर." एजंटाने पान_लिहा उचललं आणि सगळं पान नव्याने लिहून काढलं. चकली झाली ५२०, कबूल. पण चिरोटे गायब, फॉर्मची स्क्रिप्ट गायब, आणि नंबराच्या जागी 'आमच्याशी अवश्य संपर्क साधा' असं गोड वाक्य. दीड दिवस एक फोन नाही. वहिनी म्हणाल्या, यंदा लोक डाएटवर दिसतात.

मग मी सिस्टम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटाला कायम दिलेल्या सूचनांत, दटावलं: पान_लिहा कधीही वापरू नकोस. आता अनारशांचं वेगळं पान कर म्हटलं तर माफी मागून बसतो. ही समज द्यायची कुठे, आणि किती लांबलचक?

घाईत_आहे

मोठं मॉडेल घ्या, सुटेल.

रामबागवाला, इंदूर

घेऊन पाहिलं भिया. त्याने तेच पान जास्त देखणं लिहिलं. नंबर तिथेही नव्हता.

जुना_मुद्रितशोधक, वडोदरा

दादा, तुमचं कोड त्याला दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा (टूलला कुठली माहिती, कुठल्या प्रकारात द्यायची ते), एवढंच. पान_लिहा जुन्या फाईलवर बोळा फिरवतं हे तुम्हाला ठाऊक, कारण ती ओळ तुम्ही लिहिलीत. वर्णनात कुठे आहे ते?

एक करा. दोन्ही वर्णनं कागदावर लिहून वहिनींना द्या आणि विचारा, भाव बदलायला यातलं कुठलं घ्याल? त्याही अडखळतील. पानावर मजकुराशिवाय असतं काय?

मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं वाचली. नव्या कंपोझिटरला नुसती समासातली खूण पुरत नसे, शेजारी 'एवढंच, बाकी हलवू नका' असं लिहावं लागे. तुमच्या टूलला तीच ओळ हवी आहे. मी असं लिहीन:

"पान_लिहा: नवी एचटीएमएल फाईल बनवते. त्या नावाची फाईल आधी असेल तर तिच्यातलं सगळं जातं आणि परत मिळत नाही. असलेल्या पानातला भाव, वाक्य किंवा नंबर बदलायचा असेल तर हे वापरू नकोस, मजकूर_बदला वापर."

"मजकूर_बदला: असलेल्या पानातला एक तुकडा काढून त्या जागी दुसरा घालते. बाकी पानाला हात लावत नाही. जुना तुकडा पानात जसाच्या तसा, एकदाच असायला हवा, म्हणून आधी पान_वाचा चालव."

लांबीचं म्हणाल तर क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या दस्तऐवजात प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं द्या असं सुचवलं आहे. वर्णनं दर विनंतीबरोबर जातात, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) लागतात हे खरं, पण चार टूलांत त्याचा हिशेब कसला करायचा? कधी वापरायचं हे टूलच्या वर्णनात लिहा, सिस्टम प्रॉम्प्टमधली ती दटावणी काढून टाका.

आणि वर्णनावर विसंबून झोपू नका. फाईल आधीच असेल तर पान_लिहाने कोडमध्येच नकार द्यावा. नकारही मुका नको. 'त्रुटी ४' वाचून तो काय करणार? 'ही फाईल आधीच आहे, बदलासाठी मजकूर_बदला वापर' असं परत आलं की तो स्वतःच वाट बदलतो.

रामबागवाला, इंदूर

काका, केलं. भाव बदलला, चिरोटे जागेवर, नंबर जागेवर. पण फॉर्मच्या बेरजेत आता रुपयांऐवजी एन-ए-एन ('हा आकडा नाही') येऊन राहिलंय! पायथनमध्ये तपासलं होतं, तिथे ठीक होतं.

जुना_मुद्रितशोधक, वडोदरा

त्याने भाव देवनागरी आकड्यांत लिहिला असणार. मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट '५२०' मुकाट्याने घेतं. पानावरच्या जावास्क्रिप्टच्या नंबरला तो आकडाच वाटत नाही. भावाला वेगळं टूल द्या, पॅरामीटर इंटिजर ठेवा आणि वर्णनात लिहा: "किलोमागे भाव, पूर्ण रुपयांत, इंग्रजी आकड्यांत, रुपयाचं चिन्ह नको." ग्राहकाला देवनागरी दाखवायचं काम पानाचं. जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की होतं.

लष्करची_ताई, ग्वाल्हेर

फोटो_लावाचंही बघून घ्या हं. माझ्या एजंटाने प्रत्येक फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या लेखी वर्णनात, 'छायाचित्र' एवढंच लिहिलं होतं. माझ्या आत्याला दिसत नाही, त्या स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपवर) ऐकतात. त्यांनी सात वेळा 'छायाचित्र' ऐकलं आणि फोन ठेवून दिला. आता पॅरामीटरच्या वर्णनात नमुनाच दिलाय: "फोटोत काय दिसतं ते एका वाक्यात, उदाहरणार्थ 'पितळी परातीत खसखस लावलेले अनारसे'." नमुन्याने काम झालं, पण पहिल्या दिवशी त्याने शेवेलाही खसखस लावली. मग दोन वेगळे नमुने दिले आणि 'फोटोत नसलेलं लिहू नकोस' हेही जोडलं.

रामबागवाला, इंदूर

ताई, खसखशीचं वहिनींना वाचून दाखवलं, हसून राहिल्यात.

आज त्यांनी परत परीक्षा घेतली: "४८० चं ५०० कर." शेव आणि शंकरपाळे दोन्ही ४८० ला. भावाच्या टूलला आता पदार्थाचं नाव लागतं आणि त्यांनी ते दिलंच नव्हतं. त्याने काही न बदलता विचारलं, शेवेचा की शंकरपाळ्यांचा? वहिनी म्हणाल्या, "दोन्हीचा कर, विचारतोस काय."