मदत हवी आहे: ग्राइंडरला लाकडाचे ब्लेड लावले की मशीन मागे उसळते

सड्यावरचा
घाईत आहे, थेट विचारतो. हातात धरून चालवायच्या अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी ब्लेड लावले आहे. सुरुवातीला दोन-तीन इंच छान कापते, मग मशीन एकदम मागे उसळते. आज सकाळी हातातून निसटता निसटता राहिली. मशीन नवीन, ब्लेडही नवीन. वेग कमी करायला मध्ये पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल का? गणपतीच्या आत चौथरा आणि मागची चौकट उभी करायची आहे. "सुतार बोलवा" हे उत्तर नको, आमचा सुतार दिवाळीपर्यंत मोकळा नाही.

लेथवाला
मशीन किती इंची? ब्लेड किती इंची? लाकडाची जाडी किती, आणि कापताना ते कशात धरता? आणि इथे उत्तर मिळेपर्यंत कृपा करून ते मशीन सुरू करू नका.

शेवगा
मशीन घेताना कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का ते बघावे. मी घेतली त्यात येतात, चार वर्षे कटकट नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का मात्र दुकानातच मारून घ्या.

सड्यावरचा
साधा चार इंची, ८५० वॅट. ब्लेड ४० दात्यांचे. सागवान आहे, दोन इंच जाड. पायाखाली दाबून धरतो, सगळे तसेच धरतात. रेग्युलेटरचे सांगा ना कोणीतरी.

पाचवा मजला
रेग्युलेटर जळेल. पंखा सत्तर-ऐंशी वॅटचा असतो, मशीन ८५०.

लेथवाला
गार्ड लावलेला आहे का?

सड्यावरचा
गार्ड काढल्याशिवाय ब्लेड बसतच नाही. ब्लेड ११० एमएमचे आहे. भोकही थोडे मोठे होते, पण नट आवळला की घट्ट बसते. थोडी थरथर आहे.

लेथवाला
आता चित्र स्पष्ट झाले. सविस्तर लिहितो, पूर्ण वाचा.

चार इंची ग्राइंडरचा गार्ड १०० एमएमच्या चकतीसाठी असतो. ११० चे ब्लेड त्यात मावत नाही याचा अर्थ ते या मशीनचे नाही. या ग्राइंडरची बैठक १६ एमएमची. अशा ब्लेडचे भोक बहुधा २० एमएमचे असते. मधली रिंग न घालता आवळले की ब्लेड केंद्रातून सरकून बसते, थरथर त्याचीच. मिनिटाला अकरा-बारा हजार फेऱ्यांवर ही थरथर किरकोळ नाही.

उसळीचे कारण वेगळे. लोखंड कापायची चकती घासून कापते. दातेरी ब्लेड चावा घेऊन कापते. तुम्ही लाकूड पायाखाली धरता, कापत गेलात की ते मधून खचते आणि फट ब्लेडवर मिटते. म्हणून पहिले दोन-तीन इंच काही होत नाही, फट खोल आणि लांब झाल्यावर ब्लेड चिमटले जाते. चिमटले की दाते लाकूड सोडत नाहीत, मग मशीनच उलटी फेकली जाते. ग्राइंडरला खाली टेकायला पाटा नाही, म्हणून हात जरा तिरका झाला तरी तेच. वेग कमी केल्याने चिमटणे थांबत नाही. त्यात तुमच्या मशीनचा बटण सरकवून अडकवायचा प्रकार असणार. हातातून सुटली तरी ती चालूच राहते आणि वाटेत मांडी, पोट, मान असते.

उपाय एकच, ग्राइंडरला दातेरी ब्लेड नाही. आजच काढा.

नानांचा रंधा
लेथवाले, घाबरवू नका माणसाला. आम्ही साइटवर रोज चार इंचीनेच प्लाय कापतो. ब्लेड लाकडाचेच असते. काही होत नाही, हात बसलेला पाहिजे.

लेथवाला
नाना, तुम्ही वापरता ते मार्बल कटर, फरशी कापायचे मशीन. त्याला खाली पाटा असतो, तो लाकडावर टेकलेला राहतो, ब्लेड सरळ जाते. तेही काम त्या मशीनचे नाही, पण ग्राइंडर आणि कटर एक नाहीत. आणि तुम्ही अठरा एमएमचा प्लाय आडवा ठेवून कापता, हे दोन इंची सागवान पायाखाली धरून कापताहेत.

नानांचा रंधा
पाट्याचे मान्य. पायाखाली धरून आम्हीही कापत नाही, दोन लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) ठेवतो. पण हातमोजे घाला म्हणजे निम्मी भीती जाईल.

पाचवा मजला
हातमोजे अजिबात नको! सुती मोज्याचा एक धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो. आमच्या कारखान्यात लेथ आणि ड्रिलवर मोज्यांना सक्त मनाई होती.

नानांचा रंधा
लेथवर बरोबर आहे. ग्राइंडरवर ठिणग्या उडतात, तिथे अंगाबरोबर बसणारे चामड्याचे मोजे घालतातच. सगळीकडे एकच नियम लावू नका.

पाचवा मजला
या चर्चेत प्रश्न दातेरी ब्लेडचा आहे, ठिणग्यांचा नाही. माझे मत कायम.

दूरदेशी
मी न्यू जर्सीला असतो. माझ्या टेबल सॉला बोटाचा स्पर्श झाला की ब्लेड पाच मिलिसेकंदांत थांबते. महाग आहे, पण बोटांपेक्षा नाही. भारतात लोक सुरक्षेवर खर्चच करत नाहीत.

शेवगा
त्यांना चार वासे कापायचे आहेत हो, कारखाना टाकायचा नाही.

नेत्रपल्लवी
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी. गणपतीआधी आणि घरबांधणीच्या दिवसांत ग्राइंडरचे रुग्ण ठरलेले. नंबरचा साधा चष्मा पुरत नाही, कण बाजूने आत जातो. बाजूंनी बंद असलेला गॉगल घ्या, फार महाग नसतो. तरी कण गेलाच तर चोळू नका, पदराच्या टोकाने किंवा जिभेने काढायला देऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला की एक-दोन दिवसांत भोवती गंजाचे कडे धरते, मग तेही खरवडून काढावे लागते. घरात पडलेले जुने ड्रॉप टाकू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते. डोळ्याला भोक पडल्याची शंका असेल तर धुऊही नका, वर न दाबता वाटीसारखे काही झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

कोरांटी
डॉक्टर, विषयांतर आहे, पण बोट तुटले तर बर्फात ठेवायचे ना?

नेत्रपल्लवी
थेट बर्फात नाही, त्याने पेशी मरतात. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यायचा आणि हात उंच धरायचा. बोट जोडणारे शल्यविशारद कुठे आहेत हे फोनवर विचारूनच निघा, नाहीतर मधल्या दवाखान्यात वेळ जातो.

सड्यावरचा
सगळ्यांचे आभार. ब्लेड काढले. पण काम कसे करू ते सांगा. लाकूड जुन्या घराच्या छपराचे आहे, कौले उतरवली तेव्हाचे वासे आणि रिपा. खिळे बरेच आहेत, त्यामुळे मध्येच ठिणगी उडते.

लेथवाला
खिळे! हे पहिल्या वाक्यात यायला हवे होते. दाता खिळ्यावर आपटला की त्याचे कार्बाइडचे टोक तुटून उडते. कुठे जाईल, नेम नाही.

नानांचा रंधा
भाऊ, आधी खिळे. अंबूरने काढा, जे डोके तुटून आत राहिलेत ते पंचने आरपार ठोका. मग प्रत्येक वाशावर लोहचुंबक फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण. खूण नसलेल्या जागीच काप घ्या. चौथऱ्याला किती काप लागतात? वीस-बावीस? ते तर हातकरवतीने दोन संध्याकाळचे काम आहे.

सड्यावरचा
तीसच्या वर आहेत, आणि काही लांबीत चिरायचे आहेत.

लेथवाला
मग सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे लाकडासाठीची विजेवरची गोल करवत, भाड्याने मिळवा. मिनिटाला साधारण ५००० फेऱ्या, दोन इंच जाडी एका दमात निघते, खालचा गार्ड आपोआप मिटतो, बटण सोडले की मशीन बंद. ब्लेडची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा फक्त पाव इंच जास्त ठेवा. लाकूड दोन घोड्यांवर, आणि तुटून पडणारा तुकडा घोड्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे फट उघडत जाते, मिटत नाही. चिरताना मागे फटीत पाचर घाला. स्वतः ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका. उपरणे, गमछा, सैल बाही नको. ब्लेडला हात लावण्याआधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

कोरांटी
आणि अर्थिंग! पावसाळ्यात ओल्या अंगणात दोन पिनांवर मशीन चालवतात लोक.

पाचवा मजला
मशीनवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची, तिला दोनच पिना असतात.

कोरांटी
पण एक्स्टेंशनची वायर सोललेली असेल तर? घरी एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहतात.

पाचवा मजला
हो, एमसीबी जास्त भाराला आणि शॉर्टला पडतो, माणसातून जाणाऱ्या करंटला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

सड्यावरचा
सर्क्युलर सॉ चिपळूणला भाड्याने मिळते आहे. आरसीसीबी घरात नाही, वायरमन उद्या येतो. मशीन घेताना काय तपासू?

लेथवाला
प्लग काढून खालचा गार्ड हाताने वर करून सोडा. झटकन मिटला पाहिजे. कोणी खिळा किंवा पाचर घालून उघडा बांधलेला असेल तर ती मशीन घेऊ नका, दुसरी मागा. ब्लेडचे सगळे दाते मोजून बघा.

शेवगा
आणि भाड्याची पावती घ्या, नंतर ब्रश झिजल्याचे पैसे मागतात.