नाशिकची रेड वाइन आपल्या ताटात बसते, पण रश्शाशेजारी नाही

गोदाकाठ

गेल्या रविवारी घरी आठ माणसं जेवायला होती. मुद्दाम चार रेड उघडल्या, चारही महाराष्ट्रातल्या. दिंडोरीची शिराझ, निफाडची नीरो दाव्होला, अकलूजची सांजोवेझे आणि सुलाची झिन्फान्डेल, ही सगळी द्राक्षाच्या जातींची नावं. ताटात काळ्या मसाल्याचं सुकं मटण, त्याच मटणाचा रस्सा, खानदेशी भरीत, चिंच-गुळाची भरली वांगी आणि बाजरीची भाकरी. प्रत्येकाने प्रत्येक पदार्थाबरोबर प्रत्येक वाइनचा घोट घ्यायचा आणि काय वाटलं ते लगेच सांगायचं, एवढाच नियम होता.

सुकं मटण आणि शिराझ या जोडीवर आठपैकी सात जणांनी बोट ठेवलं. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. रेड वाइनचा कणा म्हणजे तुरटपणा. कच्च्या जांभळाने किंवा सुपारीने जीभ आखडते ना, तोच. मटणातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा स्वतःवर घेतात, जीभ मोकळी होते आणि मागचं फळ लागतं. दुसरं कारण मिरीचं. शिराझला जो मिरीचा वास येतो तो नुसता भास नाही. रोटंडोन नावाचा जो घटक काळ्या मिरीत असतो तोच शिराझच्या द्राक्षातही असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. आमच्या घरच्या काळ्या मसाल्यात मिरी, दगडफूल आणि काळं होईतो भाजलेलं खोबरं असतं. ओकच्या पिंपात राहिलेल्या शिराझमध्येही तसाच भाजका, धुरकट वास असतो. दोन्ही एकमेकांना ओळखतात असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

रश्शाने मात्र चारही बाटल्या पाडल्या. मसाला तोच, मटण तेच, पण पातळ, कढत आणि वर तर्री. घोट घेतला की घशात जाळ, फळाचा पत्ता नाही. भरल्या वांग्यांचं दुखणं वेगळं. गुळाच्या गोडीपुढे कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन कडू लागते. एकाने तर बाटली खराब झाली का म्हणून विचारलं.

भरिताने आश्चर्याचा धक्का दिला. विस्तवावर भाजलेलं वांगं, शेंगदाणे, कांद्याची पात, भरपूर तेल, आणि त्याबरोबर अकलूजची सांजोवेझे. ही द्राक्षाची जात मूळची इटलीतली, अंगाने आंबट. तेलकट भरितावर ती लिंबासारखं काम करते. मिरची बेताची होती, हे सांगायला हवं.

आणि कृपा करून रेड 'रूम टेंपरेचर'ला पिऊ नका. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मार्चमधल्या नाशिकची नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कोमट रेडमध्ये अल्कोहोल नाकात आधी शिरतो आणि मग दोष मसाल्यावर जातो.

माझं मत एका ओळीत: आपल्या मसाल्याला रेड चालत नाही हे खोटं आहे, चालत नाही तो रस्सा. विरोधी मतं हवी आहेत.

करवीरकर

स्पष्ट असहमत.

ताई, तुम्ही जेवण सोडवून त्याचे तुकडे केलेत आणि एका तुकड्याला वाइन जुळली म्हणून ताटाला जुळली म्हणताय. आमच्याकडे मटणाचं ताट एकदम येतं. सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा, लिंबू. एक घास सुक्याचा, एक भुरका पांढऱ्याचा, मग तांबड्यात भाकरी कुस्करायची. रस्सा वगळून सुकं खाणं म्हणजे कोल्हापुरात अर्धपोटी उठणं. युरोपात एक पदार्थ संपतो, ताटली जाते, दुसरा येतो. तिथे प्रत्येकाला वेगळी वाइन शोभते. आपली चव एकावर एक चढत जाते. या घडणीला कुठलीच एक बाटली पुरी पडत नाही.

दुसरं, मिरची. मिरचीने जिभेवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतना मिळते, त्यालाच अल्कोहोलही चेतवतो. म्हणजे रेडचा घोट तिखट शमवत नाही, वाढवतो. ताकातलं प्रथिन मिरचीचं तिखट धरून जिभेवरून नेतं. आपल्या माणसांनी ताक आणि सोलकढी काही उगाच निवडली नाही. वाइनसाठी तिखट कमी करायचं, लिंबू पिळायचं नाही, रस्सा बाजूला ठेवायचा. मग जेवण कुणाचं उरलं?

गोदाकाठ

तांबड्याबद्दल मी आधीच हार मानली आहे. पण ताट एकदम येतं म्हणून माणूस एकदम खातो असं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की आधी सुकं आणि भाकरीचा तुकडा पुढे येतो, गप्पा होतात, रस्सा-भात नंतर. ती पहिली पाऊण तासाची बैठक ही वाइनची जागा. रस्सा आला की ग्लास बाजूला ठेवायचा, त्यात कमीपणा नाही.

तिखटाचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच काळा मसाला म्हणते आहे. त्यात तिखटापेक्षा भाजणं पुढे असतं.

बागाईतदार_निफाड

मी वाइनची द्राक्षं पिकवतो, करारावर देतो. जोड्या लावण्यात मला गती नाही, पण चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. बाटलीत जे येतं ते बागेतून येतं.

युरोपात वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला नव्या काडीसाठी खरड छाटणी, पावसाळा संपता संपता फळासाठी गोडी छाटणी, आणि वाइनची काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे मणी भरतो थंडीत आणि पिकतो ऊन चढताना. डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. त्या रात्रींनी आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापली की तो झपाट्याने उतरतो आणि शुगर वर पळते. रेडला साल आणि बी पूर्ण पिकायला हवं म्हणून थांबावं लागतं, आणि थांबलं की आंबटपणा हातातून जातो. ही आमची दरवर्षीची ओढाताण.

भरीला खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेलाचं कलम बांधतात तो. बऱ्याच बागा डॉगरिज खुंटावर आहेत, कारण तो पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो. पण तो पोटॅशियम जास्त उचलतो. रसात पोटॅशियम वाढलं की पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि वाइन मऊ, सुस्त लागते.

आता तुमच्या ताटाकडे या. आपल्या जेवणात लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, सगळीकडे आंबट. जेवणापेक्षा वाइनचा आंबटपणा कमी पडला की वाइन सपक लागते. तुमच्या भरिताला सांजोवेझे लागली याचं मला नवल नाही, ती जातच आंबटपणा धरून ठेवते. ताई, तुम्ही शिराझला पहिला नंबर दिलात, मी देणार नाही. ओकमध्ये ठेवलेली, १४ टक्के अल्कोहोलच्या आसपासची जड रिझर्व्ह आपल्या जेवणाला नको. लवकर काढलेली, ओक नसलेली, हलकी रेड हवी, थंड करून पिता येईल अशी. पण गिऱ्हाईक रिझर्व्ह शब्दाला जास्त पैसे मोजतं, मग वायनरी तीच करते, आणि आम्हाला निरोप येतो की अजून आठ दिवस थांबा.

२००८-०९ च्या मंदीत मागणी बसली तेव्हा आमच्या पट्ट्यात कितीतरी जणांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं लावली. जे टिकले त्यांच्याकडे आज जुने वेल आहेत. चांगली हलकी रेड त्यांच्यातून निघेल, मागणारं कुणी हवं.

गोदाकाठ

दादा, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. आंबटपणाचा हिशेब माझ्याकडून सुटला होता. शिराझचा पहिला नंबर मी तरीही सोडत नाही. ती जोडी सुक्या मटणापुरती आहे आणि त्या पदार्थात आमच्याकडे आंबट काहीच नसतं. मात्र हलक्या रेडबद्दल पूर्ण सहमत.

मालवणी_तिरफळ

मासे खाणाऱ्यांचं काय? इथे कुणीतरी येऊन 'आवडेल ते प्या' म्हणेल, म्हणून आधीच सांगते, बांगडा आणि रेड एकत्र करू नका. मी केलंय. तोंडात लोखंडासारखी, शिळ्या माशासारखी चव राहते आणि अख्खी सोलकढी प्यायली तरी जात नाही. हे माझ्या जिभेचे चोचले नाहीत. २००९ मध्ये मर्शियन या जपानी वाइन कंपनीच्या संशोधकांनी हे तपासलं होतं. वाइनमधलं लोह जितकं जास्त, तितका माशाचा हिवसपणा वाढलेला. रेडमध्ये लोह बहुधा जास्त असतं.

कोंबडी-वडे आणि हलकी रेड जमेल असं वाटतं. पण तिरफळ घातलेल्या कालवणाला रेड देऊ नये, हे माझं ठाम मत.

फोंडेकार

सगळे कोरड्या रेडबद्दलच बोलताहेत. गोव्यात आमच्या घरी नाताळला आणि लग्नाला जी रेड असते ती गोड. पोर्ट म्हणतात, पण डोरो खोऱ्यातल्या पोर्तुगीज पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच. द्राक्ष बहुतेक बंगलोर ब्लू, जे तुम्ही टोपलीतून विकत घेऊन खाता तेच. वाइनचे जाणकार तिला नाक मुरडतात.

पण सोरपोतेलबरोबर, आमच्या डुकराच्या मटणाच्या कालवणाबरोबर, ती घेऊन बघा. व्हिनेगरचा आंबटपणा, डुकराची चरबी, काश्मिरी मिरची, आणि वर थंड गोड घोट. गोडी तिखट दाबते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. करवीरकरांच्या तांबड्यालाही कोरड्या शिराझपेक्षा ती बरी जाईल. विंदालूचं नावच पाहा, 'विन्या दाल्यूश' म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. वाइन आणि मसाल्याचा आपल्याकडचा जुना संसार इथला आहे, आणि तो साखरेला लाजत नाही.

एडिसनवासी

वेगळा आणि कदाचित न आवडणारा मुद्दा. नाशिकची वाइन चांगली की आपली म्हणून चांगली?

इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मित्रांत दर महिन्याला जेवण असतं. बाटल्यांना कागद गुंडाळून चव घेतो. भारतातून आणलेली एखादी रेड असतेच. ती कधी वाईट ठरली नाही, पण त्याच किमतीच्या अर्जेंटिनाच्या माल्बेकपुढे ती क्वचितच वर राहिली. भारतात ही तुलना होतच नाही, कारण परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आणि महाराष्ट्राने २००१ च्या धोरणात स्थानिक वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली. शेतकऱ्यासाठी ते योग्यच होतं. पण चव घेणाऱ्याने ते विसरू नये. तुमच्या चारही बाटल्या महाराष्ट्रातल्या होत्या. पाचवी बाहेरची, कागदात गुंडाळलेली ठेवली असती, तर सात जणांनी कशावर बोट ठेवलं असतं?

सज्जनगडचा_वारा

मी पीत नाही आणि हा धागा पूर्ण वाचला. रसाळ लिहिलंय, म्हणूनच लिहितो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला तेव्हाही हाच सूर होता, की शेतकऱ्याचा माल, जेवणाचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाण नाही. सुक्या मटणाशेजारी ग्लास ठेवला की घरातल्या मुलांना तो भाकरीइतकाच साधा वाटू लागतो. आमच्या गल्लीत याची किंमत मोजलेली घरं मी पाहिली आहेत. चर्चा करा, पण हे वाक्यही तिच्यात असू द्या.

गोदाकाठ

असू द्या म्हणजे काय, राहायलाच हवं. आमच्याकडे आठ जणांत चार बाटल्या उघडल्या, संपल्या दोनच. दोन जण गाडी चालवणारे होते, ते चव घेऊन थुंकत होते. वाइन म्हणजे दारू नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्या पिकावर माझा तालुका जगतो त्याच्या चवीबद्दल बोलणं मी सोडणार नाही.

एडिसनवासी, कागदाची सूचना मान्य. पुढच्या वेळी पाचवी बाटली माल्बेकच. मात्र विंचूरची दुकानदाराने उन्हात उभी ठेवलेली बाटली आणि तुमच्याकडे वातानुकूलित दुकानात आडवी ठेवलेली बाटली, ही तुलनाही सरळ नाही. मागच्या उन्हाळ्यात मी आणलेल्या एका रेडचं बूच वर आलेलं होतं आणि आत उकडलेल्या मनुक्यांची चव. ती चूक ना बागेची, ना वायनरीची.

फोंडेकार, गोड वाइनचं अजून पटत नाही. तिखट दबतं खरं, पण मसालाही दबतो.

फोंडेकार

मसाला दबत नाही, जाळ दबतो. सोरपोतेल तिसऱ्या दिवशीचं हवं, मुरलेलं. ताज्यावर निकाल देऊ नका.

करवीरकर

काल करून पाहिलं, म्हणून परत आलो. सांजोवेझे आणली, पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली. घरचंच ताट, काही बदल नाही.

सुक्याबरोबर पहिले दोन घोट खरोखर चांगले लागले, हे कबूल करतो. चरबीच्या तुकड्यावर तर विशेष. मग सवयीने लिंबू पिळलं आणि वाइन एकदम पाणचट झाली. बागाईतदार म्हणाले तसंच. पांढऱ्याचा भुरका घेतला, खोबऱ्याच्या दुधावर तुरटपणा खडूसारखा बसला. तांबड्याच्या वाटेला गेलोच नाही. ग्लास बाजूला सारला तो जेवण होईतो उचलला नाही. माझं मत तेच, ताटाला जुळत नाही.

पण मुलाने नंतर उरलेलं सुकं गार असताना वाइनबरोबर खाल्लं आणि म्हणाला, आता जास्त छान लागतंय. ते का, ते कुणी सांगेल का?

बागाईतदार_निफाड

गार सुक्याचं तिखट जिभेला कमी जाणवतं, तोंड आधीच पोळलेलं नसतं. माझा तरी हाच अंदाज.

फेब्रुवारीत काढणी सुरू होईल. ज्यांना यायचं त्यांनी या, एकाच बागेतली शिराझ लवकर काढलेली आणि उशिरा काढलेली, दोन्हीचे मणी तोंडात टाकून बघा. भाकरी आणि सुकं आमच्याकडे. लिंबू ठेवणार नाही.