जुन्या जीप सीजे ५ चं स्टेअरिंग: बॉक्स बदलू की आहे तोच दुरुस्त करू?

चिखलवाट:
मंडळी, माझ्याकडे १९६८ ची सीजे ५ आहे, अजून जुनाच रॉस कंपनीचा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचा गिअर) आणि मधे बेलक्रँक, म्हणजे चेसिसला पिनवर फिरणारा मधला आर्म, जो बॉक्सची हालचाल चाकांकडे नेतो. टायर आता ३१ इंची घातलेत, स्प्रिंगच्या पाट्यांनी गाडी थोडी वर घेतलीये. प्रॉब्लेम असा की स्टेअरिंग मधोमध असताना बरंच मोकळं फिरतं, चाकं हलतच नाहीत, आणि सरळ रस्त्यावर सारखं डावं-उजवं करत राहावं लागतं. दगडात तर हात भरून येतात. गॅरेजवाला म्हणतो पॉवर स्टेअरिंग बसवून टाका, सगळं मिटेल. खरंच मिटेल का? गाडी शक्यतो मूळ रूपातच ठेवायचीये पण जीव धोक्यात घालून नाही.

पाटाकमानी:
दादा, पॉवर स्टेअरिंगने प्ले, म्हणजे सांध्यांमधला मोकळा खेळ, जात नाही, फक्त हात हलका होतो. झिजलेले सांधे तसेच राहतात आणि वर त्यांच्यावर जोर जास्त येतो. त्यामुळे आधी प्ले कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर, एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बॉक्सच्या आर्मपासून सुरू करा, मग ड्रॅग लिंकची (आर्म ते बेलक्रँक जोडणारा दांडा) दोन्ही टोकं, मग बेलक्रँक, मग टाय रॉड एंड (चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे). ज्या सांध्याच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो तिथेच खेळ आहे. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी लावा, लोक उलट करतात, आधी बॉक्सचा स्क्रू आवळतात. तो बॉक्स चाकं सरळ असतानाच सगळ्यात घट्ट असतो, म्हणून तिथेच अ‍ॅडजस्ट करायचा, तेही ड्रॅग लिंक सोडवून. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, आणि ते मोकळ्या स्टेअरिंगपेक्षा वाईट.

डोंगरगिअर:
मी बदलण्याच्या बाजूने आहे. कंपनीने स्वतःच १९७२ पासून सीजेला सॅगिनॉ कंपनीचा रिसर्क्युलेटिंग बॉलचा (आत गोळ्या फिरणारा) बॉक्स द्यायला सुरुवात केली आणि बेलक्रँक काढून टाकला, ते उगाच नाही. मधला एक अख्खा सांधा कमी होतो. ३१ च्या टायरला रॉसचा बॉक्स कमीच पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. पण बदलणार असाल तर चेसिसकडे नीट बघा. जुनी चेसिस पातळ आहे, नुसती भोकं पाडून बॉक्स कसला तर बोल्टजवळ तडा जाणार. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा ओघळ दिसला की समजायचं तडा गेलाय. आतून स्लीव्ह (नळी) आणि बाहेरून प्लेट लावल्याशिवाय बसवू देऊ नका. आणि गाडी वर घेतलेली आहे म्हणून ड्रॅग लिंक फार तिरका राहिला तर खड्ड्यात पाटा दबला की स्टेअरिंग आपोआप फिरेल, त्यामुळे लिंक जितका लांब आणि आडवा ठेवता येईल तितका ठेवा. ड्रॅग लिंक कापून वेल्ड केलेला अजिबात चालणार नाही, कोणी कितीही भरवसा दिला तरी.

पाटाकमानी:
चेसिसबद्दल शंभर टक्के सहमत. अजून एक, गाडी वर घेताना कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, बिघडला असेल, या गाडीला मुळात ३ अंश हवा. तो कमी झाला की गाडी सरळ चालतच नाही, मग बॉक्स कितीही नवा असो. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे पाचर घालून सुधारता येतो.

चिखलवाट:
तुम्ही सांगितलं तसं खाली झोपून बघितलं. टाय रॉड एंड ठीक वाटतात, ड्रॅग लिंकच्या एका टोकाला थोडा खेळ आहे, पण बेलक्रँक तर चक्क वर-खाली डुलतो. शिवाय पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर किंगपिनपाशी (चाक ज्या पिनवर वळतं तिथे) पण किंचित हलतंय. आता सुरुवात कुठून?

पाटाकमानी:
हलवताना कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, तरीही हललं तर किंगपिन, थांबलं तर हबचं बेअरिंग. किंगपिन असेल तर त्याच्या टोप्यांखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून बेअरिंग आवळतं, वर आणि खाली सारख्याच जाडीच्या काढा. बेअरिंगच्या बाहेरच्या कपात खळगे पडलेले दिसले तर शिमने भागणार नाही, बेअरिंगच बदला. बेलक्रँकचा किट मागवण्याआधी चेसिसमधलं पिनचं भोक बघा, ते अंडाकृती झालं असेल तर नवी पिनसुद्धा डुलणार, आधी भोक भरून बुश घालावा लागेल. ड्रॅग लिंकचं ते टोक पण आत्ताच उघडा. शेवटी टो-इन करा, म्हणजे दोन्ही चाकं पुढून एक-दोन मिलीमीटर आत. आणि स्प्लिट पिन सगळीकडे नवी, भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही.

डोंगरगिअर:
भोक खराब निघालं तर मात्र तिथे मेहनत करण्यापेक्षा सॅगिनॉकडे जा. चांगलं निघालं तर बेलक्रँक करून चालवून बघा, मग ठरवा.