मदत हवी आहे: रायला शिबिराच्या पत्रावर मुख्याध्यापक सही करत नाहीत

कृष्णाकाठ
आमचा रोटरी क्लब दिवाळीच्या सुट्टीत रायला (रोटरीचं तरुणांसाठीचं नेतृत्व शिबिर) घेतोय. जागा ठरली, वक्ते ठरले, पैशांची सोय झाली. पण परवानगी मागितली की मुख्याध्यापक नुसतं 'बघू' म्हणतात. पत्रात नक्की काय लिहायचं? नमुना असेल तर आजच टाका, शुक्रवारी शाळा समितीची बैठक आहे.

माहुली_संगम
गाव कोणतं? मुलं कितवीतली? मुक्काम आहे का? मुली आहेत का? एवढं कळल्याशिवाय नमुना देऊन उपयोग नाही.

कृष्णाकाठ
सातारा. पाचगणीत दोन रात्री मुक्काम. आठवी-नववीची 40 मुलं, त्यात 18 मुली. शाळेत इंटरॅक्ट क्लब (रोटरीचा शाळकरी मुलांसाठीचा क्लब) आहेच.

माहुली_संगम
पहिली अडचण इथेच आहे. रायलाचा वयोगट 14 ते 30 आणि आठवीतली बरीच मुलं 13 वर्षांची. इंटरॅक्टला 12 ते 18 चालतं. म्हणून पत्रात 'इंटरॅक्ट नेतृत्व शिबिर' लिहा आणि जन्मतारखांसह यादी जोडा.

दादा_कराडकर
मुक्काम कशाला हवा? दोन दिवस शाळेतच घ्या. पहाटे अजिंक्यतारा चढायचा, दहाला खाली, मग सत्रं. संध्याकाळी मुलं आपापल्या घरी. परवानगीचा प्रश्नच मिटला.

सह्यकडा
दादा, मग शिबिर आणि जादा तास यात फरक काय राहिला? पंगतीत वाढणं, अंथरुणं घालणं, रात्री गटातलं भांडण गटानेच मिटवणं, यातूनच मुलं जबाबदारी घ्यायला शिकतात. भाषणांतून ते येत नाही.

दादा_कराडकर
नववीला मान्य. आठवीला पहिल्याच वर्षी दोन रात्री जास्त होतात. एक करा.

वाईकर_ताई
वाद बाजूला ठेवा, शुक्रवार जवळ आलाय. मुख्याध्यापकांना 'व्यक्तिमत्त्व विकास' वगैरे नको असतं. रात्री मुलींजवळ कोण, आजारी पडल्यास कोण आणि उत्तर कोण देणार, हे कागदावर हवं असतं. पत्र चार ओळींचं ठेवा आणि सोबत जोडा:
– मुलामुलींच्या झोपण्याच्या जागा वेगळ्या, मुलींकडे किमान दोन महिला, त्यांची नावं आणि मोबाईल
– बंद खोलीत एका मुलासोबत एकटा मोठा माणूस थांबणार नाही, असं लेखी
– पालकांचं संमतीपत्र: रक्तगट, दमा, फिट, चालू औषधं, ॲलर्जी, दोन फोन नंबर. संमती सहीनेच, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही
– जवळचं रुग्णालय, 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (चाइल्डलाइन) हे नंबर
– तक्रार आल्यास काय करणार. पॉक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि रोटरीच्या नियमाप्रमाणे रोटरी इंटरनॅशनलला 72 तासांत

शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी लागेल का, हे मुख्याध्यापकांनाच विचारा. लागत असेल तर ते पत्र शाळेच्या लेटरहेडवरून जातं, क्लबच्या नाही. बरीच पत्रं तिथेच अडतात.

प्रवासी_पक्षी
याच मुलांना पुढे रोटरीच्या युथ एक्स्चेंजला (परदेशी विद्यार्थी-अदलाबदल) पाठवायचं तर वय 15 ते 19 लागतं. पासपोर्ट आत्ताच काढा. नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग आधार आणि शाळेच्या दाखल्याशी जुळतंय का ते आधी तपासा.

माहुली_संगम
ते नंतर. गाडीचं काय? एसटी प्रासंगिक करारावर (पूर्ण गाडी भाड्याने) घेणार असाल तर आगारात आजच विचारा, दिवाळीत जादा गाड्यांमुळे मिळणं अवघड जातं. शिवाय 40 मुलं अधिक मोठी माणसं, सगळे आसनांवर बसतील का ते मोजा. उभं राहून पसरणी घाट नको. घाटात उलट्या होतात, म्हणून निघताना भरपेट वडा-मिसळ न देता केळं-बिस्किटं द्या. गोळी संमतीपत्रात लिहिली असेल तरच.

कृष्णाकाठ
गाडीचं बोललो नव्हतो, उद्या सकाळी आगारात जातो. आठवीसाठी एकच रात्र करतो, नववी दोन. सत्रं काय ठेवू? वक्ते चारच आहेत.

सह्यकडा
चारसुद्धा जास्त आहेत, दोन ठेवा. उरलेल्या वेळात आठ-आठ जणांचे पाच गट करा. प्रत्येक गटाने आपल्या वॉर्डातली एकच अडचण निवडायची: तुंबलेलं गटार, बंद पथदिवा, शाळेपुढचा वेगरोधक. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज: विषय, जागेची नेमकी खूण, मागणी, तारीख, सह्या. दोन प्रती. नगरपालिकेत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. 'गटार साफ करावे' असं लिहिलं की तो अर्ज फिरत राहतो. 'अमुक दुकानासमोरील, सुमारे 20 फूट' लिहिलं की माणूस पाठवता येतो. हा फरक मुलांना अर्ज दोनदा लिहूनच कळतो.

वाईकर_ताई
पण दिवाळीत कार्यालयं बंद. पोच कुठून आणणार?

सह्यकडा
शिबिरात मसुदा, सुट्टी संपल्यावर शाळा भरली की अर्ज. इंटरॅक्टला वर्षात एक प्रकल्प शाळेसाठी किंवा गावासाठी करावाच लागतो, त्यात हा बसतो. दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा, तो वेगळा ठेवा.

कृष्णाकाठ
ताई, मुलींसोबत क्लबच्या सदस्या चालतील की शाळेच्या शिक्षिकाच हव्यात?

वाईकर_ताई
एक शिक्षिका हवीच. मुली तिला ओळखतात, रात्री काही दुखलं-खुपलं तर तिलाच सांगतील. दुसरी क्लबची चालेल. शिक्षिकेचा होकार शुक्रवारच्या आधी लेखी घ्या, तो कागद सगळ्यात वर लावा.