‘पूर्णांक’ म्हटल्यावर इंटिजर कळतो का?

प्रश्न : कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी एक्सेल मॅक्रोवर (एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) मराठीत टिपणं लिहिते आहे. व्हेरिएबलला ‘चल’, डेटा टाइपला ‘विदाप्रकार’, इंटिजरला ‘पूर्णांक’ आणि स्ट्रिंगला ‘अक्षरमाला’ असे शब्द योजले आहेत. वाचणाऱ्याला ते नीट पोचतील का?

— ‘चल’ खुशाल ठेवा. शाळेत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. मात्र एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट करा. गणितात क्ष = क्ष + 1 हे समीकरण कधीच खरं ठरत नाही. मॅक्रोत ती साधी आज्ञा आहे : क्षमध्ये आत्ता जे आहे त्यात एक मिळव आणि परत क्षमध्येच ठेव. तिथलं बरोबरचं चिन्ह ‘ठेव’ असं सांगत असतं.

‘पूर्णांक’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. गणितातल्या पूर्णांकांना अंत नाही. व्हीबीएतला, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यातला, इंटिजर दोन बाइटांचा, त्यात −32,768 ते 32,767 एवढंच मावतं. एक्सेल 2007 पासून एका शीटमध्ये 10,48,576 ओळी असतात. ओळी मोजणारा चल इंटिजर ठेवला तर 32,768 वर पोचताच ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे आकडा मावत नसल्याची त्रुटी, येते. ‘पूर्णांक’ वाचून ही मर्यादा कुणाच्या मनातही येणार नाही. शिवाय लाँग हा आणखी मोठे आकडे मावणारा प्रकारही पूर्णांकच, 0 ते 255 सामावणारा बाइटही पूर्णांकच. त्यांना वेगळं काय म्हणणार? ही नावं कोडमध्ये जशीच्या तशी टंकायची असतात, म्हणून देवनागरीत इंटिजर, लाँग, डबल असंच लिहावं आणि खुलासा भरपूर मराठीत करावा.

— सहमत. ‘अक्षरमाला’ही नको, कारण स्ट्रिंगमध्ये आकडेसुद्धा असतात, आणि नेमकं तेच शिकवायचं असतं. दहा आकडी मोबाइल नंबर घ्या. लाँगची वरची मर्यादा 2,14,74,83,647. आपल्याकडचे मोबाइल नंबर 6 ते 9 पासून सुरू होतात, म्हणजे एकही त्यात बसत नाही. डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात बसेल, पण मोबाइल नंबरांची बेरीज कुणी करत नाही. ज्याच्यावर गणित करायचं नाही, ते स्ट्रिंगमध्ये ठेवावं. ‘मजकूर’ हा रोजचा शब्द इथे मला जास्त आवडतो.

प्रश्न : जमिनीच्या नोंदींत ‘12/3’ असे गट क्रमांक येतात. चल स्ट्रिंग ठेवूनही सेलमध्ये तारीखच उमटते. असं का?

— प्रकार चलाचा ठरवलात, सेलचा नाही. किंमत सेलमध्ये उतरताना एक्सेल ती स्वतः वाचतं आणि 12/3 ला तारीख समजतं. एकदा तारीख झाली की सेलमध्ये फक्त दिवसांचा क्रमांक उरतो. नंतर फॉरमॅट बदलून गट क्रमांक परत मिळत नाही. म्हणून लिहिण्याआधीच त्या स्तंभाचा नंबर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. टिपणांत हे ठळक लिहाच. चुकीचा गट क्रमांक दाखल्यावर गेला तर शेतकऱ्याला हेलपाटे पडतात.

— घोषणेबद्दलही, म्हणजे चलाचं नाव आणि प्रकार आधी जाहीर करणाऱ्या ‘डिम’च्या ओळीबद्दलही लिहा. ‘डिम ओळ, एकूण ॲज लाँग’ असं लिहिलं तर फक्त ‘एकूण’ लाँग होतो आणि ‘ओळ’ व्हेरिएंट, म्हणजे कुठलीही किंमत घेणारा, राहतो. प्रत्येक नावापुढे प्रकार लिहावा लागतो. चलांची नावं रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, कारण मॅक्रोच्या खिडकीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. मग ‘एकूण’मधला ऊ कुणी एका ‘यू’ने लिहितं, कुणी दोन ‘ओ’ने. प्रत्येक चलाची घोषणा सक्तीची करणारी ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ ही ओळ नसेल तर दुसऱ्या स्पेलिंगचा नवा, रिकामा चल गुपचूप तयार होतो, बेरजेत शून्य धरला जातो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लेरेशन’वर खूण केली की प्रत्येक नव्या मॉड्यूलच्या (कोड लिहायच्या पानाच्या) माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ची ओळ आपोआप येते. जुन्या मॉड्यूलमध्ये ती हाताने घालावी लागेल.