सगळं एकदम बंद करू नका

ताई, मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा आजार) आहे म्हणून गहू, दूध, डाळी सगळं एकदम बंद केलंत, हे वाचून काळजी वाटली. या आजारात वजन आणि हिमोग्लोबिन तसंही घसरू शकतं. एका वेळी एकच पदार्थ थांबवून बघा आणि वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, शौचाला किती वेळा, रक्त पडलं का, झोप झाली का. माझ्या वहीनुसार मला दूध बाधतं, ताजं ताक चालतं. मटकीची उसळ नडते, मुगाचं मऊ वरण पचतं. तुमच्या मुलाचं वेगळं निघेल. पण रक्त पडत असेल तर जेवणात कारण शोधत बसू नका, आतड्याची सूज वाढलेली असू शकते. विष्ठेची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी) करायची का, ते डॉक्टरांना लगेच विचारा. आणि मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) चालू असेल तर बरं वाटलं तरी परस्पर थांबवू नका.