चर्चा धागा: सलूनचा ‘अस्सल’ वास एकच असतो, हे ठरवलं कुणी?

कोराब्लेड
फेसबहाद्दर यांच्या कालच्या पोस्टखालीच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं असं: जुन्या बार्बरशॉपचा अस्सल वास म्हणजे लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरच्या शैवाकाचा मातकट वास) आणि टाल्कम पावडर. बाकी सगळं नकली. वर हेही, की दाढीचा साबण आणि आफ्टरशेव एकाच कंपनीचं, एकाच वासाचं घ्यावं, नाहीतर पैसे पाण्यात.

मला दोन्ही साफ अमान्य.

कुठल्या देशातलं सलून धरायचं? अमेरिकेत क्लबमन कंपनीची पावडर आणि बे रम हे लवंगेसारख्या वासाचं आफ्टरशेव. इटलीत चेल्लाचा साबण १८९९ पासूनचा, त्याला कडू बदामाचा वास; फ्लॉरेन्सच्या प्रोरासोची क्रीम १९४८ पासूनची, तिला निलगिरी आणि मेंथॉल. तुर्कस्तानात दाढी झाली की लिंबाचं कोलोन चोळतात. जर्मनीत १९५९ पासून टबाक हा ब्रँड आहे. हे सगळे लोक आयुष्यभर नकली सलूनमध्ये बसत होते का?

आता साबणाचं. तो चेहऱ्यावर काही मिनिटं असतो आणि पाण्याबरोबर जातो. वासावर भाळून साबण घ्यायचा आणि मग कोरड्या, बुडबुडेवाल्या फेसावर ब्लेड खरडत बसायचं, हे मी कितीतरी लोकांचं पाहिलंय. साबण फेसासाठी घ्या. ब्रशमध्ये थोडं थोडं पाणी घेत गेलं की फेसावर चकाकी येते, बोटाने पसरला तर तुटत नाही, एवढं ज्या साबणाला जमतं तो चांगला. वास निवडायचा तो आफ्टरशेवमध्ये, कारण दाढीनंतर अंगावर तेवढंच उरतं.

फेसबहाद्दर
पोस्ट माझी, तेव्हा उत्तर देतो. ‘बार्बरशॉप’ छापलेली बाटली मागवली आणि आत गोडमिट्ट व्हॅनिला निघाला, असं माझ्याबाबतीत एकदा नाही, अनेकदा झालंय. नवीन माणसाला काहीतरी खूण सांगावीच लागते. ज्याला त्याला आपापलं सलून खरं म्हटलं, तर कंपन्या त्या लेबलखाली काहीही खपवतील.

एकाच वासाच्या जोडीबद्दलही ठाम आहे. माझे वडील दाढी करून बाहेर आले की साबण, आफ्टरशेव, पावडर सगळ्यांचा मिळून एकच वास यायचा. घरात कुठेही असलो तरी कळायचं, बाबा तयार झाले. निलगिरीच्या साबणावर लवंगेचं आफ्टरशेव थापणाऱ्याच्या शेजारी एकदा बसून बघा.

अत्तरदाणी
दादा, वडिलांची आठवण मोलाची आहे, पण त्यावरून सगळ्यांसाठी नियम होत नाही.

तुम्ही ज्याला अस्सल म्हणताय ते फुजेर घराणं, म्हणजे वासांचा एक प्रकार. त्याची सुरुवात १८८२ सालच्या ‘फुजेर रोयाल’ या अत्तरापासून मानतात. उबिगाँ या पॅरिसच्या अत्तर कंपनीसाठी पॉल पार्के यांनी ते केलं. लॅव्हेंडर, ओकमॉस आणि कुमारिन हे वाळल्या गवतासारख्या गोड वासाचं द्रव्य, हा त्याचा पाया. रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत कुमारिन बनवलं म्हणून हे शक्य झालं. म्हणजे ज्याला आपण जुनं, नैसर्गिक समजतो, तो वास त्या काळचं एकदम नवीन रसायनशास्त्र होतं. बे रमचा उगम याहून वेगळा. ते कॅरिबियन बेटांवरच्या पिमेंटा रेसेमोसा या झाडाच्या पानांचं, त्यात लवंगेतलंच युजेनॉल हे द्रव्य, म्हणून लवंगेची आठवण होते. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं म्हणायला काही आधार नाही.

आणि खऱ्या सलूनमध्ये कंगवे बुडवलेल्या जंतुनाशकाचाही वास असायचा. त्यातलं बार्बिसाइड १९४७ चं आहे. तो कुणी आफ्टरशेवच्या बाटलीत मागत नाही.

व्हॅनिला टाळायचा असेल तर एक खूण सांगते. व्हॅनिलिनमुळे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्यामुळे, साबण हळूहळू तपकिरी पडतो. पांढरा म्हणून घेतलेला साबण ठेवल्या ठेवल्या तपकिरी होत असेल तर संशय घ्या.

जुनाकंगवा
ओकमॉसचा विषय निघालाच आहे तर बोलतो. बार्बरशॉपचा वास आता कुठेच मिळत नाही, कारण युरोपने ओकमॉसवर बंदी घातली. मी वर्षानुवर्षं एकच आफ्टरशेव वापरत आलो. बाटली तीच, नाव तेच, पण आतलं पाणचट झालं. पूर्वी दुपारपर्यंत कॉलरला तो ओलसर, मातकट, लाकडी वास राहायचा. आता ऑफिसला पोचेपर्यंत उरतो नुसता साबणी गोडवा. कुणाला तरी पुरळ उठतं म्हणून सगळ्यांच्या बाटलीतला जीव काढून घ्यायचा? परागकणांची ॲलर्जी असते म्हणून कुणी झाडं तोडत नाही.

लालगाल
तो ‘कुणाला तरी’ मी आहे.

गळ्यावर, जबड्याच्या कडेने लाल चट्टे यायचे. आधी वाटलं ब्लेड बोथट असेल. मग ब्लेड बदलली, रेझर बदलला, उलटी दाढी करणं सोडलं. रात्री झोपेत खाजवून उशीवर रक्ताचे डाग पडायचे. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जीची तपासणी केली, तेव्हा कारण ओकमॉस निघालं. या तपासणीत सुगंधांचं जे मिश्रण लावतात, त्याच्या आठ घटकांपैकी ते एक आहे. तुमची कॉलर दुपारपर्यंत दरवळावी म्हणून मी हे सोसायचं?

जुनाकंगवा
तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. पण त्यावर उपाय लेबल आहे. ठळक छापा, ज्याला चालत नाही तो घेणार नाही. मी प्रौढ माणूस आहे, माझ्या गालांचं मला ठरवू द्या.

लालगाल
लेबल वाचून मी काय करणार होतो? मलाही सुरुवातीला चालत होतं! ही ॲलर्जी जन्मासोबत येत नाही, लावता लावता होते, आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. त्यात आपण ते लावतो नुकतीच दाढी केलेल्या कातडीवर, जिथे बारीक ओरखडे असतातच. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य मीही ठसक्यात म्हणायचो.

अत्तरदाणी
दोघेही जरा थांबा. बंदी ओकमॉसवर नाहीच. ओकच्या झाडावर वाढणारं हे शैवाक आजही वापरता येतं. त्याच्या अर्कात ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल ही दोन द्रव्यं असतात, ॲलर्जीला मुख्यतः तीच जबाबदार. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने ती दोन, आणि लायरल हे तिसरं कृत्रिम द्रव्य, सौंदर्यप्रसाधनांतून काढलं. ऑगस्ट २०१९ पासून नवा माल बाजारात आणायला मनाई, ऑगस्ट २०२१ पासून जुना विकायलाही. ही द्रव्यं काढून टाकलेला अर्क मिळतो, एव्हर्निलसारखं कृत्रिम द्रव्यही आहे. कुशल हातात त्यांच्यावर सुरेख फुजेर होतं. तुमची बाटली पाणचट झाली असेल तर ती नव्याने बांधणाऱ्याने कमी मेहनत घेतली, असं मी म्हणेन.

जुनाकंगवा
ताई, एव्हर्निल मी हुंगलंय. स्वच्छ आहे, कोरडं आहे. त्यात ओली साल नाही, ती काळपट खोली नाही. नियमाचा तपशील तुमचा बरोबर असेल, मान्य. माझं नाक जे सांगतंय तेही खोटं नाही.

तुरटीप्रेमी
अवांतर चाललंच आहे तर माझंही. आफ्टरशेव हवंच कशाला? दाढी झाली, गार पाणी मारलं, तुरटी फिरवली, संपलं. आणि जे झोंबत नाही ते आफ्टरशेव कसलं!

कोराब्लेड
तुरटीप्रेमी, झोंबण्याचा आणि गुणाचा संबंध नाही. उष्णता ओळखणारा त्वचेतला संवेदक एरवी साधारण ४२ अंशांना जागा होतो, अल्कोहोलमुळे ३४ च्या आसपासच जागा होतो. म्हणजे आपल्याच अंगाची ऊब चटक्यासारखी भासते. मेंथॉलचंही तसंच, ते गारव्याच्या संवेदकाला चेतवतं, कातडी खरोखर गार होत नाही. कातडी कोरडी असेल तर कमी अल्कोहोलचं घ्या किंवा बाम घ्या, वास दोन्हींत मिळतो. आणि कृपा करून मूळ विषयावर या. साबण आणि आफ्टरशेव जोडीने घ्यायचं की नाही?

फेसबहाद्दर
येतो मूळ विषयावर. अत्तरदाणी यांनी दिलेला इतिहास पाहता ‘बाकी सगळं नकली’ हे वाक्य पोस्टमधून काढतो. त्याजागी ‘फुजेर पद्धतीचं बार्बरशॉप’ असं लिहितो. याहून पुढे सरकणार नाही. जोडीने घेतल्यास पैसे पाण्यात जातात हे तुम्हीही सिद्ध केलेलं नाही. साबणाचा वास धुतला जातो म्हणता, पण दाढी करताना ती काही मिनिटं नाकाखाली तोच असतो. सकाळचा तेवढाच वेळ माझा असतो आणि त्यात मला दोन वासांची भांडणं नकोत.

कोराब्लेड
ही गोष्ट पटते. ज्याला जोडी हवी त्याने घ्यावी. फक्त नवीन माणसाला सांगताना आधी फेस सांगा, मग वास. आणि वास जमवायचाच असेल तर एका कंपनीत अडकायची गरज नाही, घराणं एक असलं की पुरतं. लॅव्हेंडरच्या साबणावर कुठलंही फुजेर बसतं.

अत्तरदाणी
+१. बिनवासाचा साबण हाही उपाय आहे, मग आफ्टरशेव कुठलंही चालतं. लालगाल यांच्यासारख्यांना तर तोच बरा.

लालगाल
साबण बिनवासाचाच वापरतो. नवीन आफ्टरशेव आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, निदान आठवडाभर लावतो, मग चेहऱ्यावर. एकदा लावून ‘काही झालं नाही’ म्हणू नका, ॲलर्जीचे चट्टे यायला दोन-तीन दिवसही लागतात. हे जुनाकंगवा यांनीही करावं, विशेषतः जपून ठेवलेल्या जुन्या बाटल्या वापरत असतील तर.

जुनाकंगवा
वापरतो, आणि संपेपर्यंत वापरणार. कोपराची चाचणी करून बघेन. पण एक मागणी सोडणार नाही: आतलं बदललं तर बाटलीवर तसं छापा. जुन्या नावाखाली नवीन माल विकू नका.

लालगाल
या एका मागणीवर माझी सही घ्या. माझं चाललेलं आफ्टरशेव उद्या गुपचूप बदललं तर पुन्हा चट्टे माझ्याच गळ्यावर येणार आहेत.